चढताना बंद पडणारं ग्लो इंजिन: आधी टाकी उघडा, मग इलेक्ट्रिकचं बोलू

डिचोलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांनी ओळखीतून रिमोटवर उडवायचं एक जुनं मॉडेल घेतलं, शिकाऊ माणसासाठीचं ट्रेनर विमान. इंजिन ४६ साइझचं, म्हणजे साडेसात सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो, ठिणगीऐवजी प्लगमधल्या तापलेल्या तारेवर चालणारं. विमानाचं वजन अडीच किलोच्या आसपास. आधीच्या मालकाकडे ते चार-पाच वर्षं माळ्यावर पडून होतं. इंजिन सुरू होतं, जमिनीवर फुल थ्रॉटलला छान चालतं. पण विमान उडून चढायला लागलं की दहा-पंधरा सेकंदांत गप्प. दोनदा त्यांनी ते कापणी झालेल्या शेतात सुखरूप उतरवलं. तिसऱ्यांदा मेरेवर आपटून पंखा (प्रोपेलर) मोडला आणि चाकाची तार वाकली. कधी कधी प्लग तापवणाऱ्या बॅटरीची क्लिप काढल्याबरोबर जमिनीवरच बंद पडतं. भेटणारा प्रत्येक जण सांगतो, इंजिन काढून टाका, इलेक्ट्रिक करा. करू का, असं ते विचारतात.

या विमानाला इलेक्ट्रिक करू नका. इंजिन दुरुस्त करा आणि हा हंगाम त्यावरच उडवा. पुढचं विमान मात्र पहिल्या दिवसापासून इलेक्ट्रिकसाठीच बांधा. असं का म्हणतो ते पुढे येईल. पण दोष न सापडता मोटर बदलली तर त्या दोषाने तुम्हाला काहीच शिकवलं नाही असं होईल. गेली पंचवीसेक वर्षं मी ही इंजिनं उघडतो आहे, आणि माझ्या टेबलावर "इंजिन खराब झालं" म्हणून आलेल्या बहुतेक विमानांत खोट इंजिनाबाहेर होती: टाकीत, नळीत, प्लगमध्ये किंवा डब्यातल्या इंधनात.

म्हणून सुरुवात स्क्रू फिरवून करू नका. आधी तीन गोष्टी काढून टाका: विमानासोबत आलेलं जुनं इंधन, जुना प्लग आणि सगळ्या जुन्या नळ्या.

इंधनाचं पहिलं. ग्लो इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, त्यात अठरा-वीस टक्के तेल, आणि परवडत असेल तर पाच-दहा टक्के नायट्रोमिथेन. मिथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीलाही घाम फुटतो, मिठाच्या बरणीत पाणी होतं. अर्धा रिकामा आणि सैल झाकणाचा डबा एक पावसाळा घरात राहिला तर त्यातलं मिथेनॉल काय करत असेल ते तुम्हीच बघा. असं इंधन दिसायला स्वच्छ असतं, इंजिनही सुरू होतं, पण प्लग धग धरून राहत नाही. क्लिप काढली की बंद पडण्याचं ते एक मोठं कारण. डबा गच्च बंद, शक्य तितका भरलेला आणि उन्हापासून दूर ठेवा. आणि हे फार महत्त्वाचं आहे: मिथेनॉल विष आहे, पोटात गेलं तर दृष्टी आणि जीव दोन्ही जातात. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नका. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही हेही मैदानावर सगळ्यांना माहीत असू द्या.

नायट्रो मिळालं नाही म्हणून अडून बसू नका. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या काही प्रकारांत ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल एवढ्यावरच इंजिनं चालवतात. बिननायट्रोच्या इंधनावर नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू, थोडी आत घ्यावी लागते, आयडल (सर्वांत मंद चाल) थोडं खडबडीत होतं, आणि जरा गरम जातीचा प्लग लावावा लागतो, इतकंच.

प्लग बाहेर काढून क्लिप लावा. तार सगळ्या वेटोळ्यांत सारखी, भगव्या रंगाची तापायला हवी. पहिलं वेटोळं काळंच राहिलं, तार चुरगळलेली किंवा पांढुरकी, रवाळ दिसली, तर प्लग टाकून द्या. ग्लो इंजिनात ठिणगी नसते. तारेतल्या प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची प्रक्रिया होऊन तार स्वतःच तापलेली राहते. तो पृष्ठभाग मळला की बॅटरी जोडलेली असेपर्यंतच इंजिन चालतं. प्लगला दीड व्होल्टच्या आसपासच द्या. बारा व्होल्टच्या बॅटरीला चुकून थेट लावला तर तार क्षणात जळते. नवीन दोन प्लग कायम खिशात असावेत.

आता नळी. तुमचा खरा चोर इथे सापडेल असं मला वाटतं, कारण लक्षण अगदी तेच आहे: जमिनीवर ठीक, चढताना बंद. टाकी विमानातून बाहेर काढा. ती काढायला त्रास होतो म्हणूनच कोणी काढत नाही. आत एक मऊ सिलिकॉनची नळी असते आणि तिच्या टोकाला पितळी वजन, ज्याला आपण क्लंक म्हणतो. विमान कसंही झुकलं तरी ते वजन इंधनाच्या तळाशी जातं. नळी पाच वर्षांत चिकट होते, आणि पितळी नळीच्या कापलेल्या धारेवर बसलेली जागा हळूहळू चिरते. ती चीर डोळ्यांना दिसत नाही. मी असं करतो: नळी काढून तिचं एक टोक बोटाने दाबतो, ती काचेच्या पेल्यातल्या पाण्यात बुडवतो आणि दुसऱ्या टोकाला स्वच्छ रबरी पंप लावून हलका दाब देतो. तोंडाने फुंकू नये, नळीत मिथेनॉल असतं. पेला खिडकीकडे धरून पाहायचं. गेल्या डिसेंबरात एका मुलाचं विमान आलं होतं. तीन कार्ब्युरेटर बदलून झाले होते. त्याच्या नळीवर, पितळेला जिथे ती लागते तिथे, मोहरीच्या दाण्याएवढा एकच बुडबुडा आला, तिथेच चिकटून मोठा झाला आणि सुटून वर गेला. मग दुसरा. टाकी भरलेली असताना ते भोक इंधनात बुडालेलं असायचं. इंधन खाली गेलं, नाक वर झालं की भोक हवेत यायचं आणि इंजिन इंधनाऐवजी हवा ओढायचं. नळीचा दोन बोटं तुकडा बदलला आणि दोष संपला.

नळी बदलताना पाहा की टाकी उभी धरल्यावर क्लंक मागच्या भिंतीला न घासता मोकळा फिरतो. एखाद्या जोरदार आपटण्यात क्लंक पुढे येऊन नळी दुमडून बसते; तुमचं विमान मेरेवर आपटलं आहे, तेव्हा हे नक्की तपासा. ग्लो इंधनाला सिलिकॉनची नळीच लागते आणि पेट्रोलला ती अजिबात चालत नाही, फुगून खराब होते. दुकानदार "सगळ्याला चालते" म्हणून देतो, त्यावर विसंबू नका.

टाकी बसवताना तिची मधली रेषा कार्ब्युरेटरच्या नीडलच्या पातळीला किंवा सेंटिमीटरभर खाली हवी. खूप खाली असेल तर नाक वर केल्यावर इंधन चढत नाही. टाकीभोवती फोम गुंडाळा. लाकडाला टाकी टेकली तर थरथरीने इंधनाचा फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. सायलेन्सरकडून टाकीला येणारी दाबाची नळी सैल आहे का, तिचं तोंड काजळीने बुजलं आहे का, हेही पाहून घ्या.

हे सगळं झाल्यावरच नीडलला हात लावा. कोणी मधेच "थोडी फिरवून बघ" म्हणालं तरी एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय बदलल्याने काय झालं ते कधीच कळत नाही. मुख्य नीडल बंद करून दोन-अडीच फेरे उघडा, इंजिन सुरू करून अर्धा मिनिट गरम होऊ द्या. मग फुल थ्रॉटलवर पंख्याच्या मागे उभं राहून नीडल एकेक टिचकी आत घ्या. पुढून वाकून नीडल फिरवणाऱ्या माणसाची बोटं मी इस्पितळात पाहिली आहेत. हात नेहमी मागून. आवाज आधी जाड, गुरगुरता असतो, सायलेन्सरमधून भरपूर धूर येतो. मग तो चढत, पातळ होत जातो. एका टोकाला जाऊन आणखी चढेनासा झाला की तिथे थांबू नका, परत दोन-तीन टिचक्या उघडा. टॅकोमीटर असेल तर सर्वांत वरच्या आकड्यापेक्षा दोन-तीनशे फेरे कमी. आवाज थोडा उतरलेला आणि धुराची बारीक रेघ मागे दिसत असलेली, ही योग्य जागा. त्या धुरातच इंजिनाचं तेल आहे. धूर गेला म्हणजे तेल गेलं.

आता तुमच्यासाठीची खरी परीक्षा. फुल थ्रॉटलवर सोबत्याने विमान घट्ट धरून नाक सरळ आभाळाकडे करायचं आणि दहा सेकंद तसंच ठेवायचं. पंख्याच्या रेषेत कोणी उभं नको. आवाज किंचित चढून टिकला तर उडवा. चढून खाली पडायला लागला तर इंजिन उपाशी आहे, एक-दोन टिचक्या आणखी उघडा. जमिनीवर आडव्या विमानात "छान गाणारं" इंजिन बहुतेक वेळा असंच उपाशी असतं. जमिनीवर ते जितकं गोड वाजतं तितकं हवेत धोक्याचं, हे तुमच्या तिन्ही उड्डाणांत घडलं असावं.

आयडलसाठी थ्रॉटल खाली असताना कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी चिमटीत दाबा. लगेच बंद पडलं तर मिश्रण पातळ, म्हणजे इंधन कमी. फेरे बरेच वाढून खूप वेळाने बंद पडलं तर जाड. दोन-तीन सेकंदांत थोडे फेरे वाढून बंद पडलं तर बरोबर. आयडलचा स्क्रू एका वेळी अष्टमांश फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

गोव्यातल्या हवेबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. एप्रिलच्या दुपारी हवा गरम, दमट, म्हणून विरळ; इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि त्याच नीडलवर मिश्रण जाड होतं. लोक ती दोन टिचक्या आत घेतात. मग डिसेंबरात भल्या सकाळी, घाटावरून कोरडा, गार वारा उतरत असताना, त्याच नीडलवर विमान उडवतात. तेव्हा हवा घट्ट असते, मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन पहिल्या चढणीला जीव सोडतं. नीडल दर खेपेला, त्या दिवसाच्या हवेत बसवायची.

एवढं करूनही इंजिन एकदा नीट, एकदा वेडंवाकडं चालत असेल तर मात्र आत पाहावं लागेल, आणि पाच वर्षं माळ्यावर राहिलेल्या इंजिनाची बेअरिंगं मी तरी संशयित धरूनच चालतो. प्लग काढून पंखा हळू फिरवा आणि इंजिन कानाजवळ धरा. रेशमासारखं फिरलं पाहिजे. बारीक वाळू चावल्यासारखी खर्रखर्र बोटांना जाणवली तर गंज आहे. इंधनातलं पाणी, नायट्रो जळून उरलेला आम्लाचा अंश आणि आपली खारी हवा, तिन्ही मिळून मागचं बेअरिंग खातात. पुढचं बेअरिंग सैल झालं तर त्यातून हवा आत ओढली जाते. पंख्यामागून तेल उडत असेल तर ती खूण. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो फोंड्याच्या किंवा मडगावच्या बेअरिंगच्या दुकानात सांगितला तर बहुतेक मापं मिळतात. आतल्या गोळ्या धरणारा पिंजरा धातूचा किंवा उष्णता सोसणारा मागा. इंजिन पूर्ण उघडून, रबरी रिंगा काढून, नुसतं कवच हीट गनने दीडशे अंशांच्या आसपास तापवा आणि लाकडावर हलकेच आपटा. बेअरिंग आपणहून गळून पडतं. नवीन बेअरिंग पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलेलं असलं की तापलेल्या कवचात अलगद बसतं. ढकलावं लागलंच तर बाहेरच्या कड्यावर दाब द्या, आतल्या नाही. आणि ज्या ओव्हनमध्ये घरचे पाव-केक भाजतात त्यात हे तेलकट कवच ठेवू नका.

पंखा हाताने फिरतच नसेल तर पकडीने ओढू नका. एरंडेल सुकून डिंकासारखं झालेलं असतं. हीट गनने गरम केलं, दोन थेंब पातळ तेल सोडलं की सुटतं. इंजिनात इंधन जास्त भरून पंखा अडला असेल आणि तुम्ही इलेक्ट्रिक स्टार्टर लावला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून आधी ते इंधन बाहेर फेका. दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की टाकी रिकामी करा, इंजिनातलं इंधन जाळून संपवा, कार्ब्युरेटरात आणि प्लगच्या भोकात पाच-सहा थेंब हवेच्या दाबावर चालणाऱ्या अवजारांचं तेल टाकून पंखा दहा वेळा फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे. चवथीनंतर इंजिन पुन्हा काढाल तेव्हा ते जिवंत असेल.

आता इलेक्ट्रिक. मी स्वतः दोन्ही उडवतो आणि नवीन माणसाला इलेक्ट्रिकच सुचवतो, त्याची कारणं सरळ आहेत. गोव्यात ग्लो इंधन कोपऱ्यावर मिळत नाही. बाहेरून मागवायचं तर ज्वलनशील द्रव म्हणून कुरियरवाले हात लावत नाहीत. वस्ती सड्यांपर्यंत पोचली आहे, आणि रविवारी सकाळी घराजवळ टू-स्ट्रोकचा आवाज कोणी का सहन करावा? इलेक्ट्रिकमुळे मैदान टिकतं.

पण तुमचं हे विमान बदलण्याचा हिशेब करा. इंजिन सायलेन्सरसकट सुमारे ४९० ग्रॅम, भरलेली टाकी २९०, थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, ४०. निघालं साधारण ८२० ग्रॅम. आत येणार मोटर २८०, तिचा माउंट ६०, मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर ८०, बॅटरी ६००. म्हणजे १ किलोहून थोडं जास्त. दोनशे ग्रॅम वाढले, आणि इंधन उडता उडता कमी होतं तसं बॅटरीचं वजन कमी होत नाही. बॅटरी दर उड्डाणाला बदलायची, तर वरून झाकण कापावं लागणार, तेही नेमकं जिथे सांगाड्याची ताकद आहे तिथे. आणि इंजिनामागची प्लायची भिंत वर्षानुवर्षं तेल प्यायलेली आहे. तिच्यावर एपॉक्सी धरत नाही. मोटरचा माउंट हवेत उखडला तर विमान परत येत नाही. मी एकदा असंच जुनं विमान बदललं होतं. भिंत तीनदा स्पिरिटने पुसून, तापवून तेल काढलं, तरी चौथ्या उड्डाणात एका बाजूचा जोड सुटला. तेव्हापासून जुन्या ग्लो विमानाला मोटर लावायची असेल तर मी ती भिंत कापून नवीन बसवतो, नाहीतर त्या भानगडीत पडत नाही.

पुढच्या विमानासाठी माप असं धरा: निवांत ट्रेनरला किलोमागे १५० ते २०० वॉट, थोड्या कसरतींना २५० ते ३००. अडीच किलोचं विमान मजेत उडवायला ७०० वॉट पुरे. पाच सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, म्हणजे १८.५ व्होल्ट, आणि ४० अँपिअर यांचा गुणाकार ७४० होतो. कंट्रोलर ६० अँपिअरचा घ्या, जेमतेम पुरणारा घेऊ नका, आपल्या उन्हात त्याला मोकळीक लागते. हवा आत यायच्या भोकाच्या दुप्पट भोक बाहेर जायला ठेवा. ४५०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीतले ८० टक्केच वापरायचे. सरासरी २४ अँपिअर ओढले तर नऊ मिनिटं मिळतात. टायमर सातवर लावा. वॉटमीटर पहिल्या दिवशी विकत घ्या, कारण पंखा इंचभर मोठा लावला की अँपिअर उडी मारतात आणि ते आवाजावरून कळत नाही. इलेक्ट्रिकसाठीचा पातळ पंखा ग्लो इंजिनाला कधीही लावू नका, तो तुटून उडतो.

इलेक्ट्रिकलाही तुमचा हाच आजार होतो. चढताना जोर जातो, कंट्रोलर मोटरचा पुरवठा तोडतो. कारण थकलेली बॅटरी: टेबलावर सेलमागे ४.२ व्होल्ट दाखवते आणि भाराखाली कोसळते. मी एका वर्षी मे अखेरीस तीन बॅटऱ्या पूर्ण भरून कपाटात ठेवल्या, पाऊस लांबला, चवथीनंतर काढल्या तर तिन्ही उशीसारख्या फुगलेल्या. पावसाळ्यात सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायच्या, बंद गाडीत उन्हात सोडायच्या नाहीत, चार्ज करताना घराबाहेर पडायचं नाही, शेजारी वाळूची बादली. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. आणि बॅटरी जोडली की मोटर कोणत्याही क्षणी फिरू शकते. टेबलावर काम करताना पंखा काढलेलाच असावा.

दोन्हींत एक गोष्ट सारखी: उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. गोवा लहान आहे, दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, त्यात दाबोळीला नौदलाचा तळ. पेडण्यातलं किंवा मुरगावातलं मैदान सहज त्या वर्तुळात येतं.

तर या शनिवारी टाकी काढा, नळी पेल्यात बुडवून पाहा, नवीन नळी आणि नवीन प्लग लावा, ताजं इंधन भरा. रविवारी सकाळी नाक वर करून दहा सेकंद मोजा. इंजिन टिकलं नाही तर बेअरिंगच्या कडेवरचा नंबर लिहून मला पाठवा.